द्राक्षाचा घड, कोयरी आणि कळस : फोटोशॉपमध्ये स्वतःचे शेप कसे तयार करावेत

नाशिकमध्ये डिझाइनचे काम नव्याने शिकणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या चित्रांची यादी बरीचशी ठरलेली असते. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला पेटीच्या लेबलवर द्राक्षाचा घड हवा असतो, येवल्याच्या पैठणी विक्रेत्याला पिशवीवर कोयरी हवी असते, पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानाला फलकावर मंदिराचा कळस हवा असतो. आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ येत असल्याने कळस आणि ध्वज तर पुढेही पुष्कळदा काढावे लागणार आहेत. घाईच्या वेळी यातले चित्र इंटरनेटवरून उतरवून घेतले जाते. ते लेबलवर बरे दिसते, पण तेच फ्लेक्सवर मोठे केले की त्याच्या कडा फाटतात, आणि शेजारच्या गावातल्या पेटीवरही नेमका तोच घड छापलेला निघतो. यावरचा उपाय म्हणजे आपल्याला वारंवार लागणारी चित्रे एकदाच नीट बसून स्वतःच्या हाताने कस्टम शेप म्हणून तयार करणे आणि पुढे हव्या त्या मापात, हव्या त्या रंगात वापरणे. हा लेख त्यासाठीच लिहिला असून उदाहरणे फोटोशॉपमधली घेतली आहेत.

शेपमध्ये काय साठवले जाते

फोटो हा रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो, म्हणून मोठा केल्यावर त्याचे ठिपके दिसू लागतात. शेपमध्ये ठिपके नसतात. त्यात केवळ बाह्यरेषेवरचे काही बिंदू आणि त्या बिंदूंमधून रेषा कशी वळावी हे सांगणारी हँडल साठवलेली असतात. या वळणाचे गणित मोटारींच्या कारखान्यात जन्माला आले. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो आणि रेनोच्या पिएर बेझिए या दोघांनी गाड्यांचे पत्रे काटेकोरपणे रेखाटता यावेत म्हणून ते विकसित केले, आणि आज त्याला बेझिए वक्र म्हणतात. बिंदू आणि हँडल यांच्यावरून संगणक प्रत्येक वेळी रेषा नव्याने काढत असल्यामुळे तोच शेप व्हिजिटिंग कार्डावर आणि दहा फुटी फलकावर सारखाच स्वच्छ उमटतो.

नवशिक्याने एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्यावी. शेपमध्ये बाह्यरेषा साठते; रंग, छटा, सावली आणि लेयर इफेक्ट साठत नाहीत. द्राक्षाचा हिरवा रंग आणि त्यावरची चकाकी काढून टाकल्यावरही तो घड ओळखू येत असेल, तरच त्याचा शेप कामाचा आहे. त्यामुळे काम चालू असताना शेप पूर्ण काळ्या रंगाने भरून, झूम कमी करून, अंगठ्याच्या नखाएवढा दिसेल इतका लहान करून मधूनमधून पाहत राहावे.

सुरुवातीची तयारी

फोटोशॉप विकत घेणे शक्य नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपिया सरावासाठी पुरेसे आहे, कारण त्यातील पेन टूल आणि शेप टूल जवळपास याच पद्धतीने चालतात. गिंपमध्ये पाथ टूलने बाह्यरेषा काढून ती एसव्हीजी फाइल म्हणून जतन करता येते आणि इंकस्केपमध्ये आकार जोडण्या-वजा करण्याची सोय उत्तम आहे. तिन्ही विनामूल्य वापरता येतात.

नवीन फाइल २००० बाय २००० पिक्सेलची घ्यावी. शेपला पिक्सेलचे बंधन नसल्यामुळे हा आकडा केवळ काम करायला सोयीचा म्हणून सुचवला आहे. कंट्रोल आणि आर दाबून रूलर चालू करावेत, म्हणजे त्यातून गाइड, म्हणजे आधाराच्या सरळ रेषा, ओढून घेता येतात.

समोर ठेवण्यासाठी फोटो स्वतः काढावा, असा माझा आग्रह आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्याला द्राक्षाच्या पानासाठी परक्या चित्राकडे जाण्याचे कारणच नाही. पान पांढऱ्या कागदावर सपाट पसरावे, मोबाइल बरोबर वर आडवा धरावा आणि सावली पडणार नाही अशा उजेडात फोटो घ्यावा. तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोत पानाची एक बाजू आखडते आणि ते वाकडेपण पुढे शेपमध्येही उतरते. फोटो फाइलमध्ये आणल्यावर त्या लेयरची (थराची) ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, ४० टक्क्यांच्या आसपास आणून लेयर लॉक करावा.

पेन टूलचा पहिला धडा : कोयरी

कोयरीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात फुगीर पोट, उलटे वळण आणि टोकदार कोपरा असे पेन टूलचे तिन्ही प्रश्न एकत्र येतात आणि तरीही ती पाच बिंदूंत पूर्ण होते. पी दाबून पेन टूल घ्यावे आणि वरच्या ऑप्शन बारमध्ये ‘शेप’ऐवजी ‘पाथ’, म्हणजे रंग न भरलेली नुसती रेषा, निवडावे. ‘शेप’ निवडल्यास काढता काढता आत रंग भरत जातो आणि खालचा फोटो झाकला जातो.

डावीकडे झुकलेल्या टोकाची कोयरी गृहीत धरू. पहिला बिंदू टोकावर नुसत्या क्लिकने द्यावा. दुसरा बिंदू उजवे पोट जिथे सर्वांत बाहेर आले आहे तिथे द्यावा, पण माउसचे बटण सोडण्याआधी शिफ्ट दाबून सरळ खाली ओढावे. हँडल बाहेर येऊन रेषा वळलेली दिसेल. तिसरा बिंदू तळाशी, हँडल डावीकडे आडवे. चौथा डाव्या पोटाच्या सर्वांत बाहेरच्या जागी, हँडल वर. पाचवा बिंदू मानेजवळ, जिथे बाहेर फुगणारी रेषा आत वळू लागते त्या जागी द्यावा आणि हँडल रेषेच्याच दिशेने ओढावे. शेवटी पुन्हा टोकावरच्या पहिल्या बिंदूवर जावे. कर्सरशेजारी लहान वर्तुळ दिसले की क्लिक करावे, म्हणजे पाथ बंद होतो.

बिंदू कुठे द्यायचे याचे सूत्र या उदाहरणातच आहे. वळण जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचते तिथे, जिथे ते दिशा बदलते तिथे, आणि जिथे कोपरा आहे तिथे बिंदू द्यावा. अन्यत्र देऊ नये. हँडलची लांबी शेजारच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश ठेवली की वळण सहज बसते. नवशिका बहुधा फोटोच्या कडेला धरून जागोजागी क्लिक करत जातो, कारण त्याला बिंदू जास्त म्हणजे अचूकता जास्त असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक अनावश्यक बिंदूपाशी रेषेत बारीकसा ठेचकाळल्यासारखा उंचवटा येतो, जो स्क्रीनवर दिसत नाही आणि फलकावर मात्र ठळक दिसतो. रेषा फोटोपासून केसभर सुटली तरी चालेल. तिचा ओघ तुटता कामा नये.

दुरुस्तीसाठी ए दाबून पांढरा बाण, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शन टूल घ्यावे आणि बिंदू किंवा हँडल पकडून सरकवावे. पेन हातात असताना कंट्रोल दाबून धरल्यास तोच बाण तात्पुरता मिळतो. गोल वळणाच्या जागी टोकदार कोपरा करायचा असल्यास पेन टूलने ऑल्ट दाबून त्या बिंदूवर क्लिक करावे.

काढलेली रेषा पाथ्स पॅनेलमध्ये ‘वर्क पाथ’ या नावाने दिसते. ही नोंद तात्पुरती असते आणि दुसरा पाथ काढायला घेतल्यावर पुसली जाऊ शकते, म्हणून तिच्यावर डबल-क्लिक करून तिला नाव द्यावे. त्यानंतर ऑप्शन बारमधील ‘मेक’पुढचे ‘शेप’ हे बटण दाबले की कोयरी शेप लेयर म्हणून तयार होते.

आतली पोकळी करण्यासाठी काळा बाण, म्हणजे पाथ सिलेक्शन टूल घेऊन बाह्यरेषा निवडावी, कॉपी करून त्याच लेयरवर पेस्ट करावी, कंट्रोल आणि टी दाबून मध्यबिंदू कायम ठेवत लहान करावी आणि पाथ ऑपरेशन्सच्या यादीतून ‘सबट्रॅक्ट फ्रंट शेप’ निवडावे. आता नीट पाहिले तर कोयरीची पट्टी पोटाशी बारीक आणि टोकाकडे जाड झालेली दिसेल, कारण आकार लहान केल्याने लांबचे टोक जास्त आत सरकते. म्हणून आतले टोक पांढऱ्या बाणाने पकडून बाहेर ओढावे आणि मानेजवळचा बिंदूही थोडा सरकवून पट्टीची जाडी नजरेने सारखी करावी. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण कोयरी हाताने काढलेली आहे की यंत्रवत आकसलेली आहे, हे पाहणाऱ्याला याच जागी कळते.

पैठणीवरची कोयरी मुळात विणलेली असते. उभ्या-आडव्या धाग्यांमुळे तिच्या कडा जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. तो विणकामाचा भास हवा असेल तर व्ह्यू मेनूतून ग्रिड आणि स्नॅप चालू करून, हँडल न ओढता, चौकटीच्या कोपऱ्यांवर नुसते क्लिक करत पायऱ्यांची कोयरी काढावी. तिथे पाच बिंदूंचा नियम अर्थातच लागू होत नाही.

द्राक्षाचा घड : आकार जोडणे आणि वजा करणे

घडासाठी पेन टूल लागत नाही. यू दाबून शेप टूलच्या गटातून एलिप्स टूल घ्यावे आणि या वेळी ‘शेप’ हाच पर्याय ठेवावा. मणी कोणता काढायचा हे आधी ठरवावे. थॉम्पसन जातीच्या द्राक्षाचा मणी अंडाकृती असतो आणि सोनाका जातीचा त्याहून लांबट असतो. ज्याच्या पेटीसाठी काम आहे त्या बागायतदाराला हा फरक लगेच दिसतो, म्हणून लंबवर्तुळाची लांबी-रुंदी त्याच्याच मालाकडे पाहून ठरवावी.

पहिला मणी काढल्यावर पाथ ऑपरेशन्समध्ये ‘कंबाइन शेप्स’ निवडून त्याच लेयरवर पुढचे मणी काढता येतात. इथे एक अडचण लगेच उभी राहते. मणी एकमेकांना चिकटले की सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो, कारण शेपला आतल्या रेषा ठाऊक नसतात. मणी वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यामध्ये मोकळी फट ठेवावीच लागते, आणि ती फट अशी असावी की पुढचा मणी मागच्यावर टेकलेला वाटेल.

ते असे साधावे. मागच्या रांगेतले मणी ‘कंबाइन’ने काढून घ्यावेत. मग पुढचा मणी जिथे बसवायचा आहे तिथे आधी थोडे मोठे लंबवर्तुळ ‘सबट्रॅक्ट’ म्हणून काढावे. त्याने मागच्या मण्यांचा तेवढा भाग कापला जाईल. त्यानंतर त्याच मध्यबिंदूवर खऱ्या मापाचे लंबवर्तुळ ‘कंबाइन’ म्हणून काढावे. कापलेल्या जागेत मणी बसेल आणि भोवती एकसारखी पांढरी कडा राहील. आता काळ्या बाणाने शिफ्ट दाबून ही दोन्ही लंबवर्तुळे एकत्र निवडावीत आणि ऑल्ट दाबून ओढावीत, म्हणजे जोडीची प्रत निघते. प्रत्येक नवी जोडी आधीच्या मण्यांना कापत बसत जाते आणि घड भरत जातो.

एकाच लेयरमधले आकार खालून वर या क्रमाने मोजले जातात, त्यामुळे कापणारे लंबवर्तुळ आपल्या मण्याच्या वर गेले तर मणीच नाहीसा होतो. असे झाल्यास घाबरून सगळे पुसू नये. ऑप्शन बारमधील ‘पाथ अरेंजमेंट’मधून तो मणी पुढे आणावा. प्रत्येक जोडी थोडी फिरवावी आणि एखाददुसरा मणी लहान ठेवावा, कारण बागेतल्या घडात सगळे मणी एका मापाचे नसतात. वर खांद्याशी रुंद आणि खाली निमुळता असा घडाचा ढाळ ठेवावा, आणि बाहेरच्या कडेला काही मणी अर्धे बाहेर येऊ द्यावेत. घडाची ओळख आतल्या मण्यांपेक्षा त्या उंचसखल कडेवरून जास्त पटते.

फट किती रुंद ठेवावी याचा हिशेब आधीच करावा. घड १००० पिक्सेल उंच असेल आणि फट २० पिक्सेलची असेल, तर तोच घड ५० पिक्सेल उंचीचा केल्यावर फट एक पिक्सेल उरते. याहून बारीक फट लहान मापात बुजून जाते. लेबलच्या कोपऱ्यात घड अगदीच लहान बसवायचा असेल तर कमी मणी आणि रुंद फटी असलेला दुसरा घड स्वतंत्र तयार करावा.

पान मात्र पेन टूलनेच काढावे. द्राक्षाच्या पानाला साधारण पाच खंड असतात आणि देठाशी खोल खाच असते. कडेचे सगळे दाते मोजून काढण्याचा मोह टाळावा. प्रत्येक खंडाला दोन-तीन ठसठशीत दाते दिले की पान पुरेसे उतरते. शिरा दाखवायच्या असतील तर त्या निमुळत्या पट्ट्यांप्रमाणे काढून वजा कराव्यात.

कळसासारखे दोन्ही बाजूंनी सारखे आकार

कळस, शिखर, समई असे आकार निम्मेच काढावेत. मधोमध उभा गाइड ठेवून डावी बाजू पेन टूलने काढावी आणि गाइडवरून सरळ रेषेने पाथ बंद करावा. त्याची त्याच लेयरवर प्रत करून, कंट्रोल आणि टी दाबून, उजव्या क्लिकच्या यादीतून ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ निवडावे आणि प्रत पलीकडे सरकवावी. दोन्ही भाग कडेला कडा लावून ठेवू नयेत. एक-दोन पिक्सेल एकमेकांवर चढू द्यावेत, अन्यथा मधोमध केसासारखी पांढरी रेघ राहते. कळसाच्या घटासारखा गोल भाग जिथे गाइडला भेटतो तिथले हँडल अगदी आडवे असावे, नाहीतर जोडावर नको असलेले टोक उमटते. शेवटी ‘मर्ज शेप कंपोनंट्स’ द्यावे. मर्ज केल्यावर सुटे भाग पुन्हा वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्याआधी लेयरची प्रत ठेवावी. हाच सल्ला घडालाही लागू आहे.

कागदावरच्या चित्रावरून

हाताने रेखाटलेली रांगोळी किंवा वारली आकृती असेल तर ती पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढून ३०० डीपीआयने स्कॅन करावी. इमेज मेनूतील ‘थ्रेशोल्ड’ देऊन चित्र पूर्ण काळे-पांढरे करावे, मॅजिक वाँडची ‘कंटिग्युअस’ खूण काढून काळा भाग निवडावा आणि पाथ्स पॅनेलच्या मेनूतून ‘मेक वर्क पाथ’ द्यावे. तिथे ०.५ ते १० पिक्सेलपर्यंत टॉलरन्स विचारला जातो. आकडा लहान ठेवला तर शाईचा प्रत्येक थरकाप पाथमध्ये येतो आणि मोठा ठेवला तर कोपरे गोलावतात. २ पासून सुरुवात करून पाहावे. या मार्गाने वेळ वाचतो हे खरे, तरी अनावश्यक बिंदू डिलीट अँकर पॉइंट टूलने काढून टाकल्याशिवाय असा पाथ मी पक्का धरत नाही. वारलीतली माणसे तर दोन त्रिकोणांची असतात. ती स्कॅन करण्यापेक्षा थेट पेन टूलने काढणे सोपे आणि स्वच्छ पडते.

शेप म्हणून नोंद करणे

लेयर्स पॅनेलमध्ये शेप लेयर निवडावा, एडिट मेनूतून ‘डिफाइन कस्टम शेप’ घ्यावे आणि नाव द्यावे. नाव ‘शेप १’ असे न ठेवता ‘घड सोनाका लहान’, ‘कोयरी पोकळ’ असे ओळखू येणारे ठेवावे. हा पर्याय फिकट दिसत असेल तर बहुधा साधा चित्राचा लेयर निवडलेला असतो किंवा पाथ निवडलेला नसतो. पाथ्स पॅनेलमध्ये त्यावर क्लिक केले की पर्याय खुला होतो.

तयार शेप कस्टम शेप टूलच्या यादीत दिसतो. फोटोशॉप २०२० पासून विंडो मेनूत शेप्स नावाचे स्वतंत्र पॅनेल आहे आणि तिथे गट करून शेप लावून ठेवता येतात. शेप निवडून पॅनेलच्या मेनूतून ‘एक्सपोर्ट सिलेक्टेड शेप्स’ दिल्यास सीएसएच फाइल तयार होते. ती दुसऱ्या संगणकावर ‘इम्पोर्ट शेप्स’ने आणता येते. ही फाइल आणि मूळ पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची कामाची फाइल, या दोन्ही पेनड्राइव्हवर किंवा अन्यत्र जपून ठेवाव्यात. संगणक फॉरमॅट झाला की यादीतले शेप जातात आणि मर्ज केलेल्या शेपवरून सुटे मणी परत मिळत नाहीत.

वापर करताना

शेप ओढताना शिफ्ट दाबून धरावे, नाहीतर घड चपटा होतो. शेपमध्ये फोटो भरायचा असेल, उदाहरणार्थ कळसाच्या आकारात गोदाघाटाचे दृश्य, तर फोटोचा लेयर शेपच्या वर ठेवून ‘क्लिपिंग मास्क’ द्यावा. पैठणीच्या नारळी काठासारखी रांग हवी असेल तर एक नग काढून कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबावे, प्रत हवी तेवढी सरकवून एंटर द्यावे आणि मग कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि टी दाबत जावे. प्रत्येक वेळी त्याच अंतरावर नवा नग उमटतो.

मराठी अक्षरेही शेप करता येतात. टाइप मेनूतील ‘कन्व्हर्ट टु शेप’ देण्याआधी जोडाक्षरे आणि वेलांट्या बरोबर दिसत आहेत ना हे वाचून घ्यावे, कारण नंतर अक्षर बदलता येत नाही. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून रूपांतरानंतर ‘मर्ज शेप कंपोनंट्स’ आवर्जून द्यावे. तसे न केल्यास रेडियम कटिंगचे पाते प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची कड वेगळी कापते आणि नाव तुकड्यांत सुटते.

फ्लेक्स आणि रेडियमची कामे अनेक ठिकाणी कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये होतात. तिथे जेपीजी न देता फाइल मेनूच्या ‘एक्सपोर्ट’मधून ‘पाथ्स टु इलस्ट्रेटर’ देऊन एआय फाइल न्यावी, म्हणजे बाह्यरेषा बिंदूंसकट पोहोचतात. कटिंगला देण्याआधी अंतिम मापात शेपचा सर्वांत बारीक भाग किती मिलिमीटरचा येतो हे पाहावे, आणि पूर्ण काम कापून घेण्याआधी त्याच मापाचा एक तुकडा कापून, सोलून, काचेवर चिकटवून बघावा. मण्यांमधल्या फटी किंवा कोयरीचे टोक तिथे उचलले जात असेल तर मूळ पीएसडीत तेवढी जाडी वाढवून शेपची नव्या नावाने पुन्हा नोंद करावी.